रस आणि पटल

अन्नातून शक्ती कशी निघते या प्रश्नावर माझ्या दोन वयोवृद्ध स्नेह्यांत गेली कित्येक वर्षे वाद चालू आहे. आणि त्या वादाच्या ओघात पेशीश्वसनाच्या शास्त्राचा इतिहास जसा उलगडत जातो तसा तो पाठ्यपुस्तकांतून उलगडताना मला क्वचितच आढळला असल्यामुळे, त्यातली एक बैठक येथे संकलित करून देत आहे. एक स्नेही वैद्य आहेत. जुन्या मिश्र अभ्यासक्रमात चरकसंहिता आणि आधुनिक शारीरक्रियाविज्ञान अशी दोन्ही शास्त्रे शिकलेले. दुसरे जीवरसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वैद्यांचा पक्ष असा की, सजीवाचे कार्य त्याच्या अखंडतेत वसते आणि त्याचे तुकडे केले की हाती उरते ते त्या कार्याचे कलेवर. प्राध्यापकांचा पक्ष असा की, ज्याचा भाग वेगळा काढून पारखता येत नाही त्याविषयी आपल्याला काही कळले आहे असे म्हणण्याचा अधिकारच कोणाला पोहोचत नाही. दोघेही आग्रही, परंतु समोरच्याचा दाखला खरा असेल तर तो बिनतक्रार कबूल करावयाचा, हा त्यांच्यातला अलिखित करार आजवर कोणी मोडलेला मी पाहिला नाही.

वैद्य : भांडणाला आरंभ करण्यापूर्वी मला जेवढे मान्य आहे तेवढे सांगून टाकतो. आमच्या संहितांनी अग्नी एक मानला नाही, तेरा मानले. जठरातला एक, पंचमहाभूतांचे पाच आणि सप्तधातूंचे सात. म्हणजे अन्नाचा पाक पोटात संपत नाही, रक्त, मांस, मेद अशा प्रत्येक धातूत तो पुन्हा होत राहतो, हा विचार त्यांत आहे. त्यांना पेशीचे अंतरंग दिसले होते असा दावा मी करणार नाही. तसे दावे करणाऱ्यांनी आमच्याच शास्त्राची अप्रतिष्ठा केली आहे. तुमच्या लाव्हाझिएने लाप्लासच्या साह्याने गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला याचे मोजमाप घेतले, तितकाच कर्बवायू देणाऱ्या कोळशाच्या ज्वलनाशी ते ताडून पाहिले, आणि श्वसन म्हणजे मंद ज्वलन होय असा निर्वाळा १७८३ च्या सुमारास दिला. अग्नीपाशी तुमचे आमचे एकमत झाले होते. मग पुढे पेशी कुटण्याची बुद्धी तुम्हांला का झाली?

प्राध्यापक : कारण तो निर्वाळा हिशेबापुरता खरा होता आणि कृतीपुरता अपुरा होता. १८० ग्रॅम ग्लुकोज उघड्या हवेत जाळले काय किंवा शरीराने खर्च केले काय, अखेरीस कर्बवायू आणि पाणी हेच पदार्थ उरतात आणि सुमारे ६७० किलोकॅलरींचा हिशेब दोन्हीकडे सारखाच जुळतो. परंतु उष्णतेकडून काम करून घ्यावयाचे तर एक बाजू तप्त आणि दुसरी शीत असावी लागते, हे सादी कार्नोने १८२४ सालीच दाखवून ठेवले आहे. आणि पेशीत तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तापमान एकच. साखर तेथे एकदम पेटली तर पेशी शिजून जाईल, पण स्नायूचा एक तंतूही आकुंचन पावणार नाही. शिवाय ज्वलनात ऑक्सिजन कर्बाशी सरळ संयोग पावतो, तसे येथे घडत नाही. आपण उच्छ्वासावाटे सोडतो त्या कर्बवायूतला ऑक्सिजन अन्नातला आणि पाण्यातला असतो. श्वासाबरोबर आत घेतलेल्या ऑक्सिजनाचे या व्यवहारात पाणी होते. लाव्हाझिएला हे कळणे शक्य नव्हते, कारण त्याने पात्राच्या बाहेर उभे राहून आत काय गेले आणि बाहेर काय आले एवढेच मोजले. मधले जाणण्यासाठी पेशी कुटण्यावाचून गत्यंतर नव्हते.

वैद्य : आणि पाश्चरने त्यालाच हरकत घेतली होती. द्राक्षरसाचे मद्य होते ते किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, जिवंत पेशींमुळे, किण्वन हे जीवनाचेच कार्य आहे, पेशी मेली की किण्वन थांबले, हे त्याने असंख्य प्रयोगांनी शाबीत केले. त्याच्या हयातीत त्याला कोणी खोडून काढू शकले नाही.

प्राध्यापक : त्याच्या हयातीत नाही; पण तो १८९५ साली वारला आणि दोनच वर्षांत ते झाले. तो प्रयोग मी आपल्याला तपशीलवार सांगतो, कारण माझ्या शास्त्राची जन्मपत्रिका त्यात आहे. एडुआर्ड बुख्नर हा रसायनशास्त्रज्ञ, त्याचा वडील बंधू हान्स म्युनिकला जंतुशास्त्रज्ञ. हान्सला सूक्ष्मजीवांच्या पोटातला रस औषधासाठी हवा होता. किण्वाच्या पेशीचे कवच अतिशय चिवट, ते साध्या उपायांनी फुटेना. तेव्हा एक हजार ग्रॅम किण्व, तितकीच गारेची बारीक वाळू आणि अडीचशे ग्रॅम किसेलगूर नावाची हलकी, शोषक मृत्तिका एकत्र करून ते मिश्रण खलात इतके घोटले की कोरड्या भुकटीला आपोआप ओल सुटून त्याचा मऊ गोळा झाला. तो गोळा जाड कापडात बांधून जलदाबाच्या यंत्राखाली चार-पाचशे वातावरणांच्या दाबाने पिळला, तेव्हा सुमारे अर्धा लिटर पिवळसर, किंचित धूसर, किण्वाचा वास असलेला रस निघाला. हा रस नासू नये म्हणून, आपण मुरांबा टिकविण्यासाठी जे करतो तेच करावे असे ठरून, त्यात भरपूर साखर घालण्यात आली. आणि टिकण्याचे राहिले बाजूला, त्या रसातून बुडबुडे उठू लागले. साखरेचे मद्य होत होते, कर्बवायू सुटत होता, आणि रसात जिवंत पेशी नव्हती. क्लोरोफॉर्म घातला तरी क्रिया चालली, बारीक गाळणीतून गाळला तरी चालली. १८९७ सालच्या जानेवारीत बुख्नरने हे प्रसिद्ध केले आणि १९०७ साली त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जीवनाचे म्हणून जे कार्य पाश्चरने सांगितले होते, ते बाटलीतला निर्जीव रस करून दाखवीत होता. वैद्यराज, अखंडतेच्या पक्षाला याहून स्पष्ट उत्तर कोणते असू शकेल?

वैद्य : उत्तर स्पष्ट आहे आणि मी ते मानतो. तो रस कोणीही पिळून पाहावा, हा त्याचा मोठेपणा. परंतु त्या रसाने केले किती, याचाही हिशेब सांगा. साखरेचा रेणू त्याने अर्ध्यातून मोडला, मद्य आणि कर्बवायू करून सोडून दिला. मद्याला अजून काडी लावता येते. म्हणजे साखरेतली बहुतेक शक्ती त्या मद्यातच राहिली.

प्राध्यापक : अगदी बरोबर. त्या मार्गाचे पुढे सगळे टप्पे उलगडले. हार्डन आणि यंग यांनी इंग्लंडात त्याच रसात फॉस्फेट घातले की किण्वनाला जोर येतो हे दाखविले. एम्डेन, मायरहोफ, पार्नास आणि त्यांचे सहकारी यांनी स्नायूंतही तोच मार्ग दाखवून ग्लुकोजपासून पायरुविक आम्लापर्यंतच्या दहा पायऱ्या निश्चित केल्या. आणि या साऱ्यात मिळवायचे काय, तर अॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे आपण ज्याला एटीपी म्हणतो तो पदार्थ, हे कळले. तो १९२९ साली जर्मनीत लोमानने शोधला आणि त्याच सुमारास अमेरिकेत हार्वर्डला फिस्के यांच्या बरोबरीने आपल्या येल्लाप्रगडा सुब्बारावांनीही. भीमवरमला जन्मलेल्या या माणसाने फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत फिस्के यांच्यासह १९२५ साली बसविली, तिच्या आधाराने नंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी काम केले. आणि आपल्याकडे मात्र त्यांचे नाव विज्ञानाच्या पदवीधरालाही आठवत नाही, याची मला फार खंत वाटते.

(येथे प्राध्यापक क्षणभर थांबले. सुब्बारावांचा विषय निघाला म्हणजे त्यांचा आवाज चढतो. आणि चढावाच, असे मला वाटते.)

वैद्य : त्यांना माझाही नमस्कार. पण आकडा राहिला.

प्राध्यापक : आकडा असा की, बुख्नरच्या रसाच्या मार्गाने ग्लुकोजच्या एका रेणूमागे पदरात पडतात निव्वळ दोन एटीपी, ऑक्सिजनासह संपूर्ण श्वसन झाले तर तीस ते बत्तीस.

वैद्य : म्हणजे जी क्रिया तुम्ही चूर्णात पकडलीत ती दोनाची; आणि अठ्ठावीस ते तीस ज्या क्रियेतून येतात, जिच्यावर माझे आणि तुमचे हृदय या क्षणी चालले आहे, तिची कथा काय?

प्राध्यापक : तिचाही बराच भाग आम्ही चूर्णातच पकडला. क्रेब्जने १९३७ साली शेफील्डला कबुतराच्या छातीचा स्नायू बारीक चिरून त्यात सायट्रिक आम्लाचे चक्र शोधून काढले. पायरुविक आम्लापासून आलेले कर्बाचे दोन अणू त्या चक्रात शिरतात, तितकेच कर्बवायू होऊन बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबरचा हायड्रोजन वाहक द्रव्यांच्या स्वाधीन होतो. तो हायड्रोजन पुढे ऑक्सिजनापर्यंत कसा जातो याची पहिली खूण केंब्रिजला डेव्हिड केलिनला दिसली. किण्वाच्या गढूळ पाण्यातून प्रकाश पाठवून तो वर्णपटदर्शकातून पाहत होता. हिरव्या-पिवळ्या भागात काळ्या रेघा उमटलेल्या होत्या. नळी हवेत जोराने हलवली की रेघा नाहीशा होत आणि स्थिर ठेवली की थोड्याच वेळात परत येत. किण्व ऑक्सिजन घेत आहे आणि संपवीत आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसत होते. त्या रेघा ज्या द्रव्यांच्या, त्यांना त्याने १९२५ साली सायटोक्रोम असे नाव दिले. त्यांच्यातल्या लोहाच्या अणूंवरून इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटी ऑक्सिजनाला मिळतात. सायनाइडने माणूस मरतो तो या साखळीचे शेवटचे टोक अडल्यामुळे.

वैद्य : केलिनच्या नळीतली किण्वे जिवंत होती, हे आपण ओघात सांगून गेलात; मी ते टिपून ठेवतो. आता माझी बाजू ऐका. केनेडी आणि लेहनिंजर यांनी १९४८–४९ मध्ये दाखविले की हे सारे ऑक्सिजनी श्वसन पेशीतल्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत, चालते. झाले, तुम्ही तंतुकणिका वेगळ्या काढल्या आणि आपल्या शिरस्त्याप्रमाणे त्याही फोडल्या. फोडल्यावर काय दिसले? ऑक्सिजन खर्च होत होता, इलेक्ट्रॉन साखळीतून वाहत होते, आणि एटीपी होत नव्हते. किण्वाचा रस कुटल्यावरही किण्वन करीत होता. तंतुकणिकेचे पटल पुरते फाटले की तिचे मुख्य कार्य बंद. इलेक्ट्रॉनांचा प्रवाह आणि एटीपीची निर्मिती यांच्यामध्ये कोणते तरी शक्तिसंपन्न मध्यस्थ द्रव्य असले पाहिजे, असे अनुमान स्लेटरने १९५३ साली मांडले आणि जगातल्या उत्तमोत्तम रसायनशास्त्रज्ञांनी ते द्रव्य वर्षानुवर्षे हुडकले. सापडले?

प्राध्यापक : नाही. ते नव्हतेच.

वैद्य : आणि वैद्य म्हणून मला ज्याचा संताप येतो ती गोष्ट येथेच सांगतो. डायनायट्रोफेनॉल हे स्फोटकांच्या कारखान्यांतले पिवळे द्रव्य. ते पोटात गेले की माणूस वाळतो, एवढे कळल्याबरोबर १९३३ पासून अमेरिकेत ते लठ्ठपणावरचे औषध म्हणून खपू लागले. माणसे वाळली खरी. पण कित्येकांना मोतीबिंदू झाला आणि काही जण ज्वर चढत चढत मेले. तो ज्वर जंतूंचा नव्हता. त्यांच्या प्रत्येक पेशीत अन्न नेहमीपेक्षा झपाट्याने जळत होते, ऑक्सिजन खर्च होत होता, आणि मिळकत होत नव्हती. सारी शक्ती उष्णता होऊन वाया जात होती. बर्फगार चादरींत गुंडाळूनही ते वाचले नाहीत. १९३८ च्या कायद्यानंतर ते द्रव्य तेथे औषध म्हणून बंद झाले, तरी आजही ते चोरून विकले जाते आणि वजन उतरविण्याच्या हव्यासापायी तरुण माणसे त्याने मरतात. ज्याला हे द्रव्य कोणी देऊ करील त्याने ते गटारात ओतावे. त्या द्रव्याने तुमच्या साखळीतल्या एकाही विकराला (एन्झाइमला) धक्का लावला नव्हता. मग बिघडले काय होते?

प्राध्यापक : याचे उत्तर पीटर मिचेलने दिले आणि ते देण्याची त्याला मोठी किंमत मोजावी लागली. १९६१ साली त्याने लिहिले की मध्यस्थ द्रव्य शोधू नका. मध्यस्थ आहे ते पटल. इलेक्ट्रॉन साखळीतून उतरताना जी शक्ती सुटते तिच्या जोरावर साखळीतल्या चार संकुलांपैकी तीन संकुले प्रोटॉनांना पटलाच्या आतून बाहेर ढकलतात. बाहेर प्रोटॉन साठतात, आत तुटवडा होतो, आणि परत येऊ पाहणाऱ्या प्रोटॉनांना एकच वाट खुली असते, ती एटीपी बनविणाऱ्या विकरातून. कोयनेचे पाणी अडवून उंचावर साठवले आणि ते पोफळीच्या वीजगृहातूनच खाली येऊ दिले, की त्याच्या येण्यातून वीज निर्माण होते, तसेच हे. पटलाची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहून कमी आणि त्याच्या दोन बाजूंत विद्युद्दाबाचा फरक ०.१५ व्होल्टच्या आसपास. हा फरक इतक्या अल्प अंतरात असल्यामुळे मीटरला तीन कोटी व्होल्टच्या तोडीचे क्षेत्र तेथे अखंड उभे असते. आपले डायनायट्रोफेनॉल मेदात विरघळणारे आहे. ते प्रोटॉनाला बाहेरून उचलते आणि पटलातून सरळ आत आणून सोडते. साखळी धावत राहते, साठा मात्र होत नाही. मिचेलच्या या म्हणण्याकडे बहुतेक विद्वानांनी प्रथम दुर्लक्ष केले, मग विरोध केला. प्रकृती बिघडल्यामुळे त्याने एडिंबरोची जागा सोडली, कॉर्नवॉलमध्ये बॉडमिनजवळ ग्लिन हाउस नावाचा पडका वाडा दुरुस्त करून घेतला, आणि जेनिफर मॉइल या सहकारिणीसह खासगी पैशावर चालणाऱ्या त्या चिमुकल्या प्रयोगशाळेत मोजमापे घेत राहिला. १९७८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

वैद्य : म्हणजे फैसला माझ्या बाजूने झाला. तुमचे विकर कितीही शुद्ध असले तरी आत आणि बाहेर असा भेद राखणारे, कोठेही न फाटलेले पटल असल्याशिवाय ते विकर निरुपयोगी. याला मी अखंडता म्हणतो. बाटलीतल्या रसाला आत-बाहेर नसते.

प्राध्यापक : अखंडता लागते हे मला कबूल, ती अखंडता गूढ आहे हे कबूल नाही. १९७४ साली रॅकर आणि स्टोएकेनियस यांनी काय केले ते पाहा. सोयाबीनच्या स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म, बंद पिशव्या केल्या. त्यांच्या पटलात मिठागरात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवाचे, प्रकाश पडला की प्रोटॉन ढकलणारे एक जांभळे प्रथिन बसविले, आणि बैलाच्या हृदयातल्या तंतुकणिकांतले एटीपी बनविणारे विकर बसविले. वनस्पतीचे पटल, सूक्ष्मजीवाचे प्रथिन, बैलाचे विकर. या तिघांची आपसांत कधी गाठही पडलेली नव्हती. दिवा लावला, आणि एटीपी तयार झाले. भाग वेगळे काढले आणि परत जोडले, की कार्य परत आले. त्याहून पुढे, १९९७ साली जपानमध्ये नोजी, योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विकराचा गोल भाग काचेला चिकटवून त्याच्या मधल्या दांड्याला प्रकाशमान तंतू जोडला, एटीपी घातले, आणि तो तंतू एकाच दिशेने गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. असे फिरते विकर असावे हे बॉयरने आधीच सांगितले होते आणि वॉकरने त्याची रचना १९९४ साली दाखविली होती. त्या दोघांना १९९७ सालीच नोबेल पारितोषिक मिळाले. हे तुकडे करणाऱ्यांचेच काम आहे, वैद्यराज.

वैद्य : त्या कामापुढे मी हात जोडतो, ते फिरणारे चक्र मी स्वतः पाहिले असते तर जन्माचे सार्थक झाले असे म्हटले असते. पण पिशवीतले प्रथिन जिवंत सूक्ष्मजीवातून आले आणि विकर बैलाच्या हृदयातून आले, हेही लक्षात ठेवावे लागेल. पूर्ण तंतुकणिका अजून कोणी घडवलेली नाही. ती फक्त दुसऱ्या तंतुकणिकेच्या विभाजनातून होते. माणसाच्या तंतुकणिकेत स्वतःची ३७ जनुके आहेत, बाकीची प्रथिने पेशीकेंद्राच्या हुकमाने बाहेरून येतात. आणि आपणां सर्वांच्या तंतुकणिका आईच्या बीजपेशीतून आल्या, आईला त्या तिच्या आईकडून. तंतुकणिकेचे ते न फाटलेले पटल एका पिढीतून दुसऱ्या पिढीत चालत आले आहे.

प्राध्यापक : हे मला कबूल आहे. त्यातला एकही शब्द मी नाकारत नाही.

बैठक येथे संपली. आता माझे मत सांगतो. बुख्नरचा रस आणि मिचेलचे पटल हे दोन्ही दाखले एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय पेशी अन्नातून शक्ती कशी मिळविते हे समजतच नाही. एक म्हणतो, जीवनाचे कार्य द्रव्यांत उतरलेले आहे. दुसरा म्हणतो, ती द्रव्ये कोणत्या मांडणीत उभी आहेत यावर कार्याचा मोठा हिस्सा अवलंबून आहे. आणि एकूण मिळकतीचा विचार करता दुसऱ्याचे पारडे जड आहे, हे मी प्राध्यापकांच्या समक्ष सांगितले तेव्हा त्यांनीही मान डोलावली. आपल्या शाळा-महाविद्यालयांत मात्र या विषयाचे टप्पे आणि आकडे तेवढे पाठ करून घेतले जातात, आणि परीक्षेनंतर ते तितक्याच वेगाने विसरले जातात. यीस्ट, साखर, कोमट पाणी आणि चुन्याची निवळी हे साहित्य खेड्यातल्या शाळेलाही परवडणारे आहे. निवळी पांढरी होताना विद्यार्थ्यांना दाखवावे, बुख्नरने काय पिळून काढले होते ते त्या वेळी सांगावे, आणि पटल फाटले तर काय होते हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवून उत्तराला पुरेसा वेळ द्यावा, एवढी विनंती अध्यापकांनी मंजूर करावी.